ओहोटीच्या वेळी समुद्राच्या घरी



दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले, की घरोघर एकच विषय निघतो. या खेपेला कुठे जायचे? सासूबाईंच्या मनात यात्रा असते, मुलांना समुद्र हवा असतो, ‘ह्यां’ना खर्च बेताचा हवा असतो. आणि आपल्याला? चार दिवस पोळपाट-लाटणे नजरेस पडले नाही तरी पुष्कळ! अशा वेळी सगळ्यांचे समाधान करणारी सहल म्हणून पुष्कळ घरांत द्वारका-सोमनाथ ठरते.

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “द्वारकेला निघालो आहोत. बरोबर सासूबाई आणि दोन मुले. वाटेत एक दिवस हाताशी आहे. मुलांना आवडेल, सासूबाईंना झेपेल आणि खिशाला परवडेल असे काही आहे का?”

आहे तर! मुंबई सेंट्रलहून सुटणाऱ्या सौराष्ट्र मेलने आपण द्वारकेला जातो, तेव्हा वाटेत जामनगर लागते. तिथून द्वारका सुमारे १३० किलोमीटर. याच बाजूला जामनगरपासून साठेक किलोमीटरवर, वाडीनार गावाजवळ नरारा नावाची जागा आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा एक भाग. इथे पोहता यावे लागत नाही, होडीत बसावे लागत नाही. ओहोटी लागली की समुद्र दूरवर मागे सरतो आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या त्याच्या तळावरून आपल्याला पायी चालता येते.

‘उद्यान’ या शब्दाने मात्र फसू नका. इथे हिरवळ नाही, झोपाळे नाहीत, भेळवाला तर नाहीच. आखाताच्या या दक्षिण किनाऱ्याला १९८० साली सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि १९८२ साली त्यातला गाभ्याचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. देशातले हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. लहानमोठी बेचाळीस बेटे, त्यांच्याभोवती प्रवाळाचे खडक, चिखलाची मैदाने आणि तिवरांची दाट झाडी असा त्याचा पसारा आहे. बेटांवर जायला होडी आणि वेगळी परवानगी लागते. म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असली की नराराच बरा.

आधी पंचांग काढा

या सहलीचा दिवस रविवारची सुट्टी पाहून ठरवता येत नाही. तो तिथी पाहून ठरवावा लागतो. कोकणातल्या आपल्या भगिनींना हे शिकवायला नको. तिकडे लहान मूलही सांगते, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

आपल्याला समुद्राचा तळ पाहायचा आहे. तेव्हा पाणी जितके जास्त उतरेल तितके चांगले. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमा आणि तिच्या पुढचे दोन-तीन दिवस निवडावेत. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. आखाताच्या आतल्या टोकाला तर पाणी सहा-सात मीटर चढते-उतरते. आपल्या दोन मजली घराची उंची डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

पण एक लक्षात ठेवा. पाऊणपटीचा हिशेब आपल्या मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो, त्यामुळे तिथली वेळ त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. पंचांगावरून दिवस ठरवावा. घड्याळाची वेळ मात्र जामनगरच्या वनखात्याच्या कचेरीतून विचारून घ्यावी. हल्ली मोबाईलवरही भरती-ओहोटीची कोष्टके मिळतात. ओहोटी दिवसाउजेडी आणि शक्यतो सकाळी येत असेल तो दिवस उत्तम. सकाळी वारा कमी असतो, पाण्यावर सुरकुत्या कमी पडतात आणि आकाश निरभ्र असेल तर गुडघाभर पाण्याचा तळही ताटात वाढल्यासारखा स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात इकडे फिरकू नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस चांगले.

तयारी

पायांची काळजी पहिली. प्रवाळाची कड सुरीसारखी धारदार असते आणि मधूनमधून चिखल, शेवाळ. चपला, सपाता चिखलात रुतून राहतात. नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट आणि त्यात मोजे घालावेत. नवे बूट मुळीच घेऊ नयेत, खाऱ्या पाण्याने त्यांची रया जाते. लुगडे नेसणाऱ्या सासूबाईंची इथे आपल्यापेक्षा सोय चांगली; कासोट्याला पाण्याची भीती नाही. आपण मात्र पाचवारीचा हट्ट न धरता सलवार-कमीज घालावी आणि सलवार पोटरीपर्यंत दुमडावी. बदलायचे कपडे गाडीत ठेवावेत.

डोक्याला रुमाल किंवा टोपी प्रत्येकाला हवीच. दोन-अडीच तास सावलीचा एक ठिपकाही मिळत नाही. माणशी एक बाटली पाणी बरोबर घ्यावे. खडकाकडे निघण्यापूर्वी लहानथोर सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे; एकदा आत गेल्यावर कुठलीही सोय नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हातात काठी घ्यावी. फार आत जायला नको वाटले तर अर्ध्या वाटेवरही पाहण्यासारखे पुष्कळ असते.

खाणे गाडीतच राहू द्या. खडकावर खायचे नाही आणि कागदाचा कपटाही टाकायचा नाही. परतल्यावर भूक मात्र सडकून लागते. त्यासाठी दशम्या फार सोयीच्या. चार वाट्या कणकेत चवीपुरते मीठ आणि चमचाभर तेल घालून ती पाण्याऐवजी दुधात भिजवावी, थोडी जाडसर लाटून तूप सोडून भाजावी. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर लसणाची कोरडी चटणी आणि लिंबाचे गोड लोणचे. ताक मिळाले तर स्वर्गच.

आणखी एक गंमत सांगते. घरातला स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा बरोबर न्या. साचलेल्या पाण्यावर त्याचा तळ हलकेच टेकवून आतून पाहिले, की पाण्यावरची चमक नाहीशी होते आणि खालचे सगळे भिंगातून पाहावे तसे नीट दिसते. मुलांना हा खेळ भारी आवडतो आणि त्यांचे हातही आपोआप डब्यात गुंतून राहतात. हात गुंतलेले का असायला हवेत, ते पुढे सांगतेच.

प्रवेशद्वाराशी ओळखपत्र दाखवून शुल्क भरावे आणि माहीतगार वाटाड्या घ्यावा. यात काटकसर करू नका. कुठे घट्ट खडक, कुठे चिखल आणि पाणी कोणत्या बाजूने परतते, हे त्यालाच ठाऊक. ओहोटी पुरी होण्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचावे. पाण्याच्या मागोमाग आत जायचे आणि पाणी फिरले की आपणही फिरायचे. ते समोरूनच येईल असे समजू नका. मधल्या सखल जागा आधी भरतात आणि पाहता पाहता आपली परतीची वाट पाण्याखाली जाते. वाटाड्या ‘चला’ म्हणाला की चला. ‘एकच फोटो’ म्हणून रेंगाळू नये.

पाणी ओसरल्यावर

सुरुवातीला तिवरांची झाडे लागतात. चिखलातून वर आलेल्या काड्या दिसतात ना, त्या त्यांच्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळ्यांनी वरून हवा घेते. लांब पायांचे बगळे, करकोचे चिखलात टिपत असतात. दूरवर तेलाच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात. हा किनारा तेलाच्या व्यापाराचाही आहे आणि त्याच्याच शेजारी हे नाजूक जग नांदते आहे, हे पाहून जीव थोडा चरकतो.

मग खडक सुरू होतो. पहिली पाच मिनिटे वाटते, यात पाहायचे काय? सगळे तपकिरी, करडे. पण एका डबक्यापाशी उकिडवे बसा आणि गप्प राहा. हळूहळू सगळे हलू लागते. दगड वाटत होता तो खेकडा निघतो. फूल वाटत होते ते समुद्रफूल निघते आणि आपल्या पाकळ्यांनी बारीक मासळी पकडताना दिसते. ते वनस्पती नाही, प्राणी आहे. सापासारख्या हातांचा एक तारा कपारीत सरकतो. काकडीसारखी दिसणारी समुद्रकाकडी वाळू गिळून त्यातले अन्न तेवढे ठेवते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. चाळणीने पीठ चाळावे तसे तिचे दिवसभर चाललेले असते.

आणि प्रवाळ! आपल्याला पोवळे ठाऊक असते ते मंगळाच्या अंगठीतले. तेव्हा प्रश्न येतोच, “इथली पोवळी दागिन्यात घालतात का हो?” नाही. दागिन्यातले लाल पोवळे वेगळ्या जातीचे, ते मुख्यतः भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातून येते. इथले प्रवाळ खडक बांधणारे. कुठे मेंदूसारखी वळणे, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे. अशा प्रत्येक ढेकळावर हजारो इवले जीव राहतात आणि चुन्याची घरे बांधतात. त्यांच्या अंगात आणखी सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानालाही देते. म्हणूनच प्रवाळाला उथळ, स्वच्छ, ऊन पोहोचेल असे पाणी लागते. पाणी गढूळ झाले, वर गाळ बसला की हा सगळा संसार गुदमरतो. पाणी फार तापले तर आतले शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. एकेकाळी या आखातातून सिमेंटसाठी प्रवाळाची चुनखडी वाळू उपसली जात असे. तो ओरखडा भरून यायला फार काळ लागतो, कारण मोठ्या ढेकळांचे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आपली टाच नको तिथे पडली तर आपल्या लेकीच्या वयाएवढी वाढ एका पावलाखाली मोडू शकते. म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून, वाळूवरून चालावे.

पाहुण्यांनी कसे वागावे

आता मुख्य गोष्ट. आमच्या महिला मंडळातील आम्ही बारा जणी गेल्या पौषात नराराला गेलो होतो. एकीच्या सासूबाई सत्तरीच्या, हौसेने आल्या होत्या. वाटाड्या तरुण आणि उत्साही. त्याने पाण्यातून एक केंड मासा काढला आणि आम्हाला दाखवायला हातावर घेतला. मासा फुगला, चेंडूसारखा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल पुढे झाले. तेवढ्यात त्या आजी म्हणाल्या, “अरे बाबा, ठेव त्याला खाली. तो गंमत करत नाहीये, त्याला धाप लागलीय.”

वाटाड्याला मराठी कितपत कळले कोण जाणे, पण आजींचा चेहरा कळला. “हां बा,” म्हणत त्याने मासा लगेच पाण्यात सोडला. बऱ्याच वेळाने तो पूर्ववत झाला आणि दगडाआड गेला.

आजींचे शब्द अगदी खरे होते. केंड फुगतो तो भीतीने. शत्रूला आपल्याला गिळता येऊ नये म्हणून तो पाणी पिऊन फुगतो. हवेत धरला तर पोटात हवा भरते आणि ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. दिवसभरात दहा मंडळी आली आणि दहा वेळा त्याला बाहेर काढले, तर काय होत असेल? शिवाय त्याच्या अंगात जहाल विष असते. मुलांनी हात लावून तोच हात तोंडात घालणे बरे नव्हे.

त्यानंतर आम्ही वाटाड्याला सांगितले, “भाऊ, काही उचलू नका. आहे तिथेच दाखवा.” तो थोडा हिरमुसला. उचलून दाखवले की पाहुणे खूश होतात, वर चार पैसे देतात, असा त्याचा अनुभव. आम्ही म्हटले, “पैसे ठरल्यापेक्षा जास्त देऊ, पण पाण्यातच दाखवा.” मग त्याने जे दाखवले ते उचलून कधीच दिसले नसते. एका कपारीत ऑक्टोपस बसला होता. वाटाड्याने बोट दाखवूनही तो आम्हाला मिनिटभर दिसला नाही, कारण त्याचा रंग दगडाचाच. मग तो सरकला आणि सरकता सरकता वाळूच्या रंगाचा झाला. आठ हात, तीन हृदये आणि निळसर रक्त असलेला हा प्राणी. याची मादी अंडी घातली की कपारीत त्यांना राखत बसते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत खाणेपिणे टाकते आणि मग फार दिवस जगत नाही. म्हणून सांगते, कुठलाही दगड उलटा करू नका. त्याखाली कोण कुणासाठी बसले आहे, आपल्याला ठाऊक नसते.

मुलांच्या डोळ्यांत भरतात ते शिंपले आणि शंख. “आई, हा तर रिकामाच आहे, घेऊ ना?” इथेच आपली कसोटी. कारण रिकामा शंख रिकामा राहत नाही. शंखात राहणारा एक खेकडा असतो. त्याच्या पोटाकडचा भाग मऊ, उघडा. त्याला स्वतःचे कवच नाही. तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधत हिंडतो. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार थाटलेल्यांना त्याची अडचण वेगळी समजवायला नको! आपण मूठभर सुंदर शंख पिशवीत टाकले, की तेवढी घरे त्या वस्तीतून उठली.

हा फक्त मायेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्री घोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ साली वाघासारखेच पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण दिले. तेव्हा दिवाणखान्याच्या कपाटात प्रवाळाचा तुकडा ठेवायची हौस कुणाला असेल तर ती विसरावी. बाजारात कुणी विकत असेल तर तिथूनही घेऊ नये. आपण घेतो म्हणून तो विकतो.

परतताना

कुणी म्हणेल, सहलीहून रिकाम्या हाती यायचे? शेजारच्या वहिनींना काय द्यायचे? त्यासाठी जामनगरचा बाजार आहे ना! तिथली बांधणी नावाजलेली, कुंकू नावाजलेले आणि सुकी कचोरी तर आठवडाभर टिकते. हौस त्या बाजारात पुरवा.

गाडीपाशी आलात की हातपाय गोड्या पाण्याने धुवा. कुठे खरचटले असेल तर दुर्लक्ष करू नये, प्रवाळाची जखम चिघळते. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन औषध लावावे. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. बूट रात्रभर गोड्या पाण्यात भिजत घालून सावलीत वाळवावेत, मिठाने कापड कुजत नाही.

मुलांना झोपण्यापूर्वी वही द्या आणि पाहिले ते आठवून काढायला सांगा. आमच्यातल्या एकीच्या मुलीने त्या दिवशी सतरा प्राणी काढले. नावे चुकली, पाय कमी-जास्त झाले, पण केंडाशेजारी तिने लिहिले होते, ‘हा घाबरला होता.’ ते तिला शाळेच्या पुस्तकातून कळले नसते.

ज्यांना इतक्या लांब जाणे जमत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. आपल्या मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. तेही नको तर जवळचा कुठलाही खडकाळ किनारा, उधाणाची ओहोटी आणि तो पारदर्शक डबा. पाऊणपटीचा हिशेब तिथे तर चालतोच. नियम मात्र सगळीकडे तेच: पाणी बाहेर गेले म्हणून घर रिकामे झाले असे नाही. घरची मंडळी आतच आहेत, पाण्याची वाट पाहत. आपण दारातून डोकवावे, दोन शब्द बोलावेत आणि वेळेत निघावे.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीला सांगते, सासूबाईंना जरूर न्या. मुलांना हात आवरायला त्या आपल्यापेक्षा चांगल्या शिकवतील. आणि परत आल्यावर पत्र टाकायला विसरू नका.